मंगळवारची नवरी

तीन पुरुष मोटारीचं बॉनेट उघडून आत डोकी घालतात, तेव्हा मोटार दुरुस्त होते असं मला कुणी सांगू नये. मी बघितलंय. मागच्या सीटवर बसून बघितलंय. अंगावर पांढरी साडी, डोक्यावर जाळीचा व्हेल, मांडीवर कोमेजत चाललेली फुलं आणि मध्यरात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. लग्नाच्या मिस्सेत, म्हणजे देवळातल्या उपासनेत, ख्रिस्तशरीराचा प्रसाद घ्यायचा तर तेव्हा असाच कडक उपास असायचा. उपाशी बाईचं डोकं आधीच तापलेलं असतं, त्यात ती नवरी असली तर विचारूच नका.

नीट सांगते. एकोणपन्नास साल. बाबांनी चांदीपला भातशेती कसायला घेतली होती म्हणून आम्ही तिकडे राहायचो, पण आमचं मूळ गाव रेल्वेच्या पलीकडे, पश्चिमेला, आणि आमचं देऊळही तिथंच. आम्ही वसईची ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. माझं लग्न त्या देवळात लागायचं होतं. वार मंगळवार. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार, म्हणजे तिथून पास्काच्या, ईस्टरच्या सणापर्यंत उपासाचे दिवस, त्यात लग्न लागत नाही. आणि तेव्हा मिस्सा सकाळचीच असायची. देवळाची दुपारची घंटा व्हायच्या आत नवरी वेदीपुढे हवी, नंतर आलात तर आल्या पावली परत जा, असं नव्या फादरनी बाबांना बजावून ठेवलं होतं.

परत गेलो असतो तर काय झालं असतं? फेबियन शुक्रवारी जहाजावर चढला असता. तो बसऱ्याला तेलाच्या कंपनीत कामाला होता, आता गेला की तीन वर्षांनी रजा. तीन वर्षं त्याच्या आईनं माझी वाट बघितली असती, असं मानायला मी काही खुळी नव्हते. आणि मला फेबियनच हवा होता. मुलीनं हे मोठ्यानं म्हणायचं नसतं, म्हणून मी एकदाच म्हटलं, तर आमच्या घरात आठवडाभर कुणी कुणाशी धड बोललं नाही.

मोटारीत माझ्या शेजारी सालोमी आत्या होती. माझी आई मी रांगत होते तेव्हा गेली. मला आत्यानं वाढवलं, ती बाबांची थोरली बहीण. तिचं लग्न झालेलं नव्हतं, आणि का झालं नाही ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. तिचाही असाच शेवटचा मंगळवार होता. तिचाही नवरा बोटीनं परदेशी जाणारा. वरात निघायच्या वेळी व्याह्यांनी आजोबांना न्यायला मोठ्या माणसाऐवजी कुणी पोरसवदा पाठवला, म्हणून आजोबा रुसून ओसरीवर बसले. माझा मान ठेवला नाही, म्हणाले, मी उठत नाही. लोक पाया पडले, हात जोडले. आजोबा उठले तोवर देवळाची घंटा होऊन गेली होती. नवरा बोटीवर गेला तो परत आलाच नाही. कुणी म्हणायचं बुडाला, कुणी म्हणायचं आफ्रिकेत घर केलं. आणि गावानं ठरवलं काय, तर सालोमीचा पायगुण वाईट. आजोबांच्या रुसव्याचं नाव नाही. नवरीला हळद लावायला आत्याला कधी पुढे बोलावत नसत. मला मात्र, मावश्या वऱ्हाडाबरोबर पुढे गेल्यावर, तिच्याशिवाय साडी नेसवणारंही कुणी नव्हतं, म्हणून त्या दिवशी बाबांनी तिला गाडीत बसू दिलं.

गाडी रामनाथभाऊंची. ते वाडीवाले, केळी-पानवेलीचे मोठे बागायतदार, बाबांचे स्नेही. भला माणूस, मोटार आणि ड्रायव्हर दोन्ही एका शब्दावर पाठवून दिले. वऱ्हाड पहाटेच बैलगाड्यांनी पुढे गेलं होतं आणि मीही त्यांच्याबरोबर सुखानं गेले असते. पण नाही. प्लासिडची मुलगी मोटारीतून उतरली पाहिजे, असं प्लासिडनं, म्हणजे आमच्या बाबांनी, सहा गावांना सांगून ठेवलं होतं. त्यात मावश्यांनी एक नवा नियम काढला, की नवरी मोटारीत बसली की देवळाच्या पायरीपर्यंत तिचा पाय जमिनीला लागायचा नाही. आमच्या सगळ्या आज्या चिखल तुडवत चालत देवळात गेल्या. मोटार दारात आली आणि रिवाज जन्माला आला.

ड्रायव्हर काशिनाथ, शांत माणूस. त्याच्या शेजारी बाबा, आणि खिडकीपाशी थॉमसमामा. थॉमसमामा लढाईच्या वर्षांत देवळालीला लष्कराच्या मोटारींच्या भांडारात होते. तिथं त्यांनी नटबोल्ट मोजून दिले असतील, पण ते बोलायचे असे की इंजिनाचा शोध त्यांनीच लावला.

चांदीपहून निघालो तेव्हा गाडी छान चालली. दोन्ही बाजूला वालाची शेतं, वारा तोंडावर. मी जरा हसलेसुद्धा. मग गाडीनं दोन आचके दिले, उचकी लागल्यासारखी अडखळली आणि बंद पडली.

काशिनाथनं स्टार्टर मारला. इंजिन फिरलं, पण पेटेना. तो खाली उतरला, बॉनेट उघडलं, मागे जाऊन टाकीचं झाकण काढून आत काठी घालून पेट्रोल बघितलं. अर्धी टाकी होती. तोवर थॉमसमामांनी बाह्या सरसावल्या होत्या. प्लगमध्ये काजळी, म्हणाले, दुसरं काही असूच शकत नाही. प्लग काढले, पुसले, परत बसवले. स्टार्टर मारला आणि गाडी चालू झाली. मामा आत येऊन बसले ते अशा थाटात, की आता आम्ही त्यांच्या फोटोला हार घालायचा.

तुळिंजच्या टेकडीखाली ती पुन्हा बंद पडली. अगदी तशीच, आधी आचके, मग उचकी, मग गप्प. काशिनाथनं पुन्हा काठी घालून पेट्रोल बघितलं, कुठे गळतंय का म्हणून. गळत नव्हतं. यावेळी बाबांचं मत पडलं की गाडी तापली. रस्त्याकडेच्या विहिरीवरून पाणी आणलं, रेडिएटरवर ओतलं, ओली फडकी घातली. मामा म्हणाले, तापण्याचा काही संबंध नाही, पेट्रोलच्या नळीत कचरा आहे, आणि नळी काढून तोंडानं फुंकली. गाडी चालू झाली. मग ती कुणाच्या औषधानं चालू झाली यावर आचोळ्यापर्यंत दोघांचं भांडण. मी मागून म्हटलं, भांडायचं ते मिस्सा झाल्यावर भांडा. बाबा म्हणाले, नवरीनं बोलू नये.

नवरीनं बोलू नये. म्हणजे लग्न माझं, उपास माझा, नवरा माझा निसटत चाललेला, आणि बोलायचं कुणी, तर थॉमसमामांनी.

आचोळ्याच्या पुढे, रेल्वेचं फाटक समोर दिसत असताना, ती तिसऱ्यांदा बंद पडली. ऊन आता डोक्यावर येत चाललं होतं. सावली बुंध्यांपाशी गोळा झाली होती, आणि फाटकाच्या पलीकडे अजून बरीच वाट होती. शेजारी आत्याच्या ओठांतून एकसारखी माळ चाललेली, तिचा आवाज इतका बारीक की मला माझाच श्वास मोठा वाटत होता. तिचा हात बर्फासारखा गार होता.

यावेळी मात्र गाडी चालू होईना. प्लग पुसून झाले. नळी दोनदा फुंकून झाली, मामांच्या तोंडाला पेट्रोलचा वास. पाणी ओतून झालं. वाफ निवायला म्हणून थांबूनही झालं. काशिनाथनं डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून ठिणगी बघितली, ठिणगी ठणठणीत. स्टार्टर मारून मारून बॅटरी बसत आली, मग पुढून हँडल घालून फिरवलं, काशिनाथच्या सदऱ्याची पाठ भिजून चिंब झाली. इंजिनात जीव म्हणून नव्हता. एक रिकामी बैलगाडी बाजूनं गेली, गाडीवान थांबला, म्हणाला, नवरीला सोडतो की फाटकापलीकडे. बाबांनी त्याला हातानंच वाटेला लावलं. रामनाथभाऊंच्या मोटारीतून उतरलेली नवरी गवताच्या गाडीतून देवळात? लोक काय म्हणतील?

तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. रागानं माणसाला सुचत नाही म्हणतात, मला उलट रागातच सुचतं. मला दिसत होतं की हे तिघं जे जे करतायत ते सगळं आधी एकेकदा करून झालेलंच आहे. आधी चालू झाली, आता होत नाही. मग आधी असं काय केलं होतं, जे आता कुणी केलं नाही? प्लग पहिल्यांदा पुसले, दुसऱ्यांदा नाही पुसले, तरी दुसऱ्यांदा चालू झाली. पाणी दुसऱ्यांदा ओतलं, पहिल्यांदा नाही, तरी पहिल्यांदा चालू झाली. नळीचंही तेच. दोन्ही वेळा झालेली गोष्ट एकच होती. काशिनाथनं मागची टाकी उघडून काठी घातली होती. मी मागेच बसलेली, टाकी माझ्या पाठीशी. झाकण फिरवलं की फुस्स असा आवाज यायचा, दोन्ही वेळा आला होता. तिसऱ्यांदा काशिनाथ मागे जायला निघाला तेव्हा बाबांनीच त्याला अडवलं होतं, अर्धी टाकी आहे हे दोनदा बघितलंस, आता वेळ घालवू नको म्हणून.

मी खिडकीतून सांगितलं, टाकी उघडा. कुणी ऐकलं नाही. पुन्हा सांगितलं. मामा म्हणाले, बाय, पेट्रोल भरपूर आहे. मी म्हटलं, पेट्रोल किती आहे ते मी विचारत नाही, टाकी उघडा. बाबा बॉनेटमधून मान वर न काढता म्हणाले, नवरीनं...

मी दार उघडून खाली उतरले. पांढऱ्या चपलेनिशी आचोळ्याच्या धुळीत. मावश्यांचा नवा रिवाज तिथंच संपला. साडी एका हातात धरून मागे गेले, टाकीवर सोडलेल्या झेंडूच्या माळा ओढून काढल्या आणि झाकण फिरवायला लागले. ते घट्ट बसलं होतं, आतून कुणी ओढून धरल्यासारखं. काशिनाथ धावत आला, त्यानं झाकण सोडवलं, आणि टाकीनं असा मोठा श्वास घेतला की बाबांनीसुद्धा मान वर काढली.

मी झाकण हातात घेऊन बघितलं. त्याच्यावर बरोबर मधोमध मेणाचा क्रूस होता. जाड, पिवळट, बोटानं दाबून बसवलेला.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला देवळात मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात, त्यातली एक आत्या वर्षभर जपून ठेवायची. वादळ आलं की ती पेटवायची. घरात नवीन काही आलं, पाळणा असो, नांगर असो, की त्याच्यावर त्या मेणाचा क्रूस. सकाळी मी केस विंचरत होते तेव्हा ती मेणबत्ती घेऊन मोटारीभोवती फिरताना मी बघितली होती. चारी चाकांवर, बॉनेटवर, दारांवर, आणि टाकीच्या झाकणावर. काही राहून जाऊ नये म्हणून कुठलीही जागा तिनं सोडली नव्हती.

काशिनाथनं झाकण माझ्या हातातून घेतलं, उन्हात धरलं आणि कपाळाला हात लावला. झाकणाला टाचणीएवढं एक भोक असतं, म्हणाला. पेट्रोल खाली जाईल तशी तेवढी हवा त्या भोकातून आत जायला हवी. ते बुजलं तर आत पोकळी होते आणि पेट्रोल पुढे येतच नाही. झाकण उघडलं की हवा जाते, गाडी चालते, लावलं की थोड्या वेळानं परत तेच. मी विचारलं, दोनदा झाकण उघडलंत तेव्हा हे मेण दिसलं नाही का? तो खाली बघून म्हणाला, दिसलं होतं, पण तुमच्या देवाचं काही असेल, आपण खरवडावं कसं, म्हणून कडेनं धरून हळूच फिरवलं. त्याच्यावर काय रागावणार. त्या सगळ्यांत त्यानंच तेवढा कुणाचा तरी मान ठेवला होता.

बाबांनी झाकण बघितलं. मग त्यांनी मोटारीकडे बघितलं, आत बसलेल्या आत्याकडे. आणि जे माणसानं सख्ख्या बहिणीला कधी म्हणू नये ते ते म्हणाले.

"स्वतःचं मोडलंस, आता हिचंही मोडायला निघालीस. खाली उतर."

आत्या उतरायला लागली. आपल्यावर हा हुकूम कधीतरी येणारच होता, अशा सवयीनं ती पदर सावरून दाराकडे सरकली. ते बघून माझ्या अंगाची लाही झाली. मामा म्हणत होते, सालोमी इथं थांबेल, मागून कुणी घेऊन येईल, आधी नवरीला पोचवू, अपशकुन तरी टळेल. काशिनाथ हँडल घेऊन उभा होता. मला माहीत होतं की आता एक एक क्षण मोलाचा आहे. मी तोंड मिटून आत बसले असते तर फेबियन माझाच होता. मी दारात आडवी उभी राहिले आणि आत्याला परत आत ढकललं.

"आत्याचं लग्न मेणानं मोडलं नव्हतं, बाबा. आजोबा ओसरीवर रुसून बसले म्हणून मोडलं. तुम्ही तिथंच होतात, तुम्ही त्यांना उठवलं नाहीत. आज तिला खाली उतरवणार असाल तर मीही इथंच बसते. फेबियनला जाऊ दे बसऱ्याला."

इतक्या वर्षांत आमच्या घरात हे कुणी उच्चारलं नव्हतं. मामा एकदम रस्त्यापलीकडच्या ताडांकडे बघायला लागले. बाबांचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा. त्यांचा हात वर गेला होता की नुसता हलला, मला नाही सांगता येत. मी जागची हलले नाही. मनात भीती होतीच, की आता खरंच इथंच बसायची वेळ आली तर मी काय करणार? पण मी हलले नाही. आत्या आतून माझी साडी ओढत होती, बाय, जाऊ दे, मी चालत येईन म्हणत होती. मी तिला म्हटलं, तू गप्प बस आणि सरकून बस, मला जागा दे.

बाबा पुढे जाऊन बसले.

मी व्हेलची टाचणी काढली आणि भोकातलं मेण कोरून काढलं, तेवढंच, भोकापुरतं. बाकीचा क्रूस तसाच राहू दिला. काशिनाथनं झाकण लावलं, हँडल मारलं, दुसऱ्या फेऱ्याला इंजिन पेटलं. फाटक उघडं मिळालं ही देवाची कृपा. गाडी एकदाही अडखळली नाही आणि मी एकदाही आनंदले नाही, इतकी मी संतापलेली होते. आत्या रडत होती. मी तिला रागानंच म्हटलं, डोळे पूस, तुझ्या रडण्यानं माझी बाही भिजतेय. तिनं पुसले, आणि परत रडायला लागली.

देवळाच्या पायरीशी आलो तेव्हा देवळाची घंटा वाजवणारे मिस्त्री काका दोरी हातात घेऊन उभे होते. फादर दारातच, तेही सकाळपासून उपाशी, त्यांचा पारा माझ्यापेक्षा चढलेला. त्यांना आमच्याकडे येऊन महिनाही झाला नव्हता, ते कुणाला ओळखत नव्हते. आत फेबियन वेदीपाशी उभा होता, कॉलर घामानं बसलेली, आणि माझ्याकडे बघण्याऐवजी तो बुटांकडे बघत होता. नंतर त्यानं कबूल केलं, की बघितलं असतं तर रडू आलं असतं.

रिवाजाप्रमाणे बाबांनी मला आत न्यायला हात पुढे केला. मी तो घेतला नाही. आत्या नेहमीप्रमाणे बाजूला सरकून भिंतीला टेकली होती. लग्नात तिची जागा तीच, दाराजवळची, नवरीच्या वाटेत न येणारी. मी तिचा हात धरला आणि ओढला. ती मागे ओढायला लागली, मी सोडला नाही. पायरीवर अशी आमची ओढाताण चाललेली बघून फादर करड्या आवाजात म्हणाले, नवरीला आत कोण घेऊन येतंय, लवकर सांगा, आणि त्यांनी सरळ आत्यालाच विचारलं, तुम्ही हिच्या कोण?

आत्यानं एकदा मागे बघितलं. बाबा दोन पायऱ्या खाली उभे होते.

"मी हिची आय," आत्या म्हणाली.

मी बाबांकडे बघत राहिले, आता हा माणूस काय बोलतो ते बघू म्हणून. बोलले असते तर मी देवळाच्या दारात काय केलं असतं ते मलाच ठाऊक. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि आमच्या मागून आत आले.